तळमजला सर

आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच एक पांढरा फळा होता आणि त्यावर आम्हा प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य लिहिलेलं असे. नवा माणूस कामाला लागला की त्याच्या नावापुढे चौसष्ट हा आकडा पडायचा. एक चूक झाली की एक कमी. चांगल्या कामाबद्दल मात्र कधी एकही वाढत नसे. आकडा शून्यावर आला की आपली पक्कड आणि टेस्टर टेबलावर ठेवायचे आणि घरचा रस्ता धरायचा. नव्या माणसाने धीर करून विचारलं, की हा काय प्रकार, तर फळ्याचे मालक अगदी शांतपणे सांगत, "इंटरनेटवर निघालेल्या माहितीच्या प्रत्येक पुडक्याच्या, म्हणजे पॅकेटच्या, कपाळावर असाच एक आकडा असतो. एकेक नाका ओलांडला की एक कमी. शून्य झाला की असेल त्या नाक्यावर त्याला फेकून देतात. नाहीतर वाट चुकलेली पॅकेटं जन्मभर गोल गोल फिरतील आणि बाकीच्यांचा रस्ता अडवतील. पॅकेटला जो नियम, तो तुला का नको?"

फळ्याचे हे मालक म्हणजे आमचे तळमजला सर. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं आणि त्यांच्या माघारी वापरायचं. मुरूडच्या एका शेठची छोटी इंटरनेट कंपनी होती. रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंत गावोगाव तिच्या केबल गेलेल्या आणि जिथे खाडी आडवी यायची तिथे टॉवर उभे केलेले. ही सगळी यंत्रणा सरांच्या डोक्यात होती. वय पंचावन्नच्या आसपास, नांदगावला सुपारीची वाडी, शिक्षण बारावी नापास. टेलिफोनच्या खांबांपासून सुरुवात करून ते केबल टीव्हीत आले होते आणि तिथून इंटरनेटमध्ये. नेटवर्कचे नियम ज्या इंग्रजी कागदांत लिहिलेले असतात, ते कागद छापून घेऊन, शब्दाशब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत हा माणूस एकट्याने शिकला होता. म्हणून डिप्लोमावाल्यांचा त्यांना विशेष राग.

मी डिप्लोमावाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीसुद्धा न देता विचारलं, "गिऱ्हाईक म्हणतंय नेट बंद. पहिलं काय बघशील?" मी म्हटलं, "दुसरी एखादी वेबसाइट उघडते का ते." सर उठले, फळ्यावरचा माझा चौसष्ट पुसला आणि तिथे त्रेसष्ट लिहिलं. मला ऑफिसात येऊन तोवर पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

"घर खालून बांधतात," ते म्हणाले. "तळमजल्यावर वायर. पहिल्या मजल्यावर शेजारपाजार, म्हणजे एकाच वाडीतलं कुठलं यंत्र कुठल्या यंत्राशी बोलतंय ते. दुसऱ्यावर पत्ते, तुमचे ते आयपी. तिसऱ्यावर सामान पोचवणारे, टीसीपी आणि यूडीपी. आणि सगळ्यात वर गच्चीत गिऱ्हाईक, व्हॉट्सॲप बघत बसलेलं. बोंब नेहमी गच्चीतून येते. पण आपण तळमजल्यावरनं सुरुवात करायची. प्रत्येक मजला खालच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो, तपासत न्हाय. म्हणून ते आपण तपासायचं." हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं आणि पुढे पाच वर्षं रोज सांगितलं. फोन उचलला की त्यांचा पहिला शब्द 'हॅलो' नसायचा, 'तळमजला बघितलास?' असा असायचा.

आणि दहातल्या आठ वेळा दुखणं खरंच तळमजल्यावर असायचं, हीच चीड आणणारी गोष्ट. आमच्याकडची खारी हवा तांबं खाते. केबलच्या टोकाला जो प्लास्टिकचा कनेक्टर असतो, त्याच्या पिना वर्षभरात हिरव्या पडतात. काशीदच्या एका रिसॉर्टवर मी तीन दिवस राउटर बदलत होते, सेटिंग खोलत होते, मालकाला मोठमोठे शब्द ऐकवत होते. चौथ्या दिवशी सर आले. त्यांनी भिंतीतली केबल हातात घेतली, टोक नाकाशी नेऊन वास घेतला, कापलं, नवा कनेक्टर बसवला. नेट चालू. मालकासमोर मला म्हणाले, "डिप्लोमा कुठल्या कॉलेजचा? तिकडे आपल्या पोरांना पाठवायचं न्हाय, एवढ्यासाठी विचारतो."

फळ्यावर भागलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण कनेक्टर बसवण्याच्या कामाला त्यांची वेगळी शिक्षा होती. आठ बारीक तारा ठरलेल्या रंगांच्या ओळीने आत सरकवायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. एक तार जरी मागे राहिली तरी तो कनेक्टर फुकट. असा फुकट गेलेला कनेक्टर सर दोऱ्यात ओवत आणि ज्याने बिघडवला त्याच्या गळ्यात बांधत. तो संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. गिऱ्हाइकाच्या दारात जातानाही नाही. पहिल्या दोन महिन्यांत मी अकरा वेळा ते लेणं मिरवलं. बोर्लीत एका घरी म्हातारीने माझ्या गळ्यात बोट घालून विचारलं, "बाय, ह्यो कसला ताईत? नजर लागू नये म्हनून घातलाव का?" मी म्हटलं, "हो आजी." आजींना ते पटलं. त्यांनी मायेने माझ्या कानामागे काजळाचं बोट लावलं. मी परत येताना मोटरसायकलवर रडले आणि ऑफिसात शिरण्याआधी तोंड धुतलं.

माणसांना नावाने हाक मारणं सरांना मंजूर नव्हतं. "नाव ही गच्चीतली चैन आहे," म्हणायचे. "यंत्राला ठिकाण कळलं की पुरे. नावाचा आकडा करून देणारा डीएनएस बिचारा दिवसभर राबतो तो तुमच्यासारख्या आळशांसाठी." त्यामुळे आम्ही सगळे, फळ्यावरसुद्धा, गावांच्या नावाने ओळखले जायचो. एक रोहा, एक माणगाव, एक श्रीवर्धन. मी म्हसळ्याच्या आतल्या गावची, भातशेतीवाल्यांची मुलगी, म्हणून म्हसळा. "ए म्हसळा, इकडे ये." पाच वर्षांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नाही. ते त्यांना माहीत आहे की नाही, अशी शंका मला येत असे.

पण हा माणूस कामाला भिडला की बघत राहावं. एकदा हरिहरेश्वरला अर्ध्या गावाचं नेट गेलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाचं व्यवस्थित चालू. वायरी ठीक, स्विच ठीक. श्रावणी सोमवार तोंडावर, लॉजवाले फोनवरून आमचा उद्धार करताहेत. मी तळमजल्यापासून चढत गच्चीपर्यंत जाऊन आले, काही सापडेना. सरांनी एका घरी बसून एकच प्रश्न विचारला, "ह्या कॉम्प्युटरला पत्ता कोणी दिला?" आमच्या नेटवर्कवर नवं यंत्र आलं की ते मोठ्याने विचारतं, मला पत्ता कोण देणार? आणि आमच्या मुरूडच्या यंत्राने त्याला तो द्यायचा, अशी रीत. इथे पत्ता दिलेला होता, पण तो आमचा नव्हताच. गावातलं दुसरंच कुणीतरी परस्पर पत्ते वाटत सुटलं होतं. आणि ज्याने पहिलं उत्तर दिलं त्याच्यावर विश्वास ठेवायचा, एवढीच त्या यंत्रांची अक्कल.

सर गावातल्या मुख्य स्विचपाशी, म्हणजे घराघरांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीपाशी, उकिडवे बसले आणि एकेक केबल उपटत गेले. सतरावी उपटल्यावर तो परका पत्तेवाटप्या गप्प झाला. सतरावी केबल गेली होती एका होमस्टेत. मालकाने मुंबईहून स्वस्तातला राउटर आणून आमची वायर त्याच्या चुकीच्या भोकात खुपसली होती. मालक म्हणाला, "मला काय म्हाईत? भोकं सगळी सारखीच दिसतात." सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला माफ आहे, ह्याला फी घेऊन कोणी शिकवलं न्हाय. तू पत्ता बघितलास, पण देणारा बघितला न्हायस. एक कमी." परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी टपरीपाशी गाडी थांबवली आणि परका देणारा कसा ओळखायचा, हे मला बिस्किटाच्या पुड्यावर आकृती काढून तासभर समजावलं. तो पुडा माझ्याकडे पुष्कळ दिवस होता.

टीसीपी आणि यूडीपी त्यांनी आम्हाला आगरदांड्याच्या जेटीवर नेऊन शिकवलं. तिथून दिघीला फेरी जाते. सर म्हणाले, "फेरी सुटल्यावर माणसं काठावरनं ओरडतात बघ, पोचलास की जेवून घे, औषध घे. ऐकू गेलं तर गेलं. हा यूडीपी. गाणं, व्हिडिओ, फोनवरचं बोलणं, असल्या गोष्टींना चालतो. आता तो बघ, डबा खलाश्याच्या हातात देणारा. पलीकडचा फोन करून डबा मिळाला सांगेपर्यंत तो काठावरून हलणार न्हाय. न्हाय मिळाला तर दुसरा डबा पाठवील. हा टीसीपी. ह्याचा सगळा जीव त्या पोचेत. पोच खरी असेल तर डोंगर हलवता येईल. पोच खोटी असेल तर पाठवणारा मूर्खासारखा पुढचं पाठवत राहतो आणि पलीकडे कुणीच न्हाय." हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

खोट्या पोचेची किंमत रोह्याने मोजली. रोहा म्हणजे आमच्यातला सगळ्यात हसरा मुलगा. श्रीवर्धन गावात एका खांबावरची जोडणी बघून ये म्हणून सरांनी त्याला पाठवलं. त्याने फोनवर सांगितलं, "बघितलं सर, टाइट हाय." सरांनी त्यावर विश्वास ठेवून दोन दिवस बाकी सगळं खणलं. तिसऱ्या दिवशी माणगावला खांबावर चढवलं, तर जोडणी लोंबत होती. रोहा खांबावर चढलाच नव्हता. त्याच्या नावापुढे एक्केचाळीस होते. सरांनी सगळ्यांदेखत ते पुसून तिथे शून्य काढलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई सकाळच्या एसटीने रोह्याहून आली. ऑफिसच्या उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. म्हणाली, "सायेब, पोरगा चुकला. येक डाव पोटात घाला. घरात त्योच कमावता हाय." सरांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "चुकला असता तर एक कमी केला असता, बाई. तो खोटं बोलला. बघितलं न्हाय आणि बघितलं म्हणाला. ह्याला माझ्याकडे औषध न्हाय." बाईंनी चहाला हात लावला नाही. त्या गेल्यावर सरांनी तो थंड चहा स्वतः मोरीत ओतला आणि कपही स्वतः विसळला. मला रोह्याचं वाईट वाटलं असं लिहायला हवं. पण माझा आकडा तेव्हा सव्वीसवर होता आणि फळ्यावर माझ्या खाली कुणीतरी आलं, याचंच मला बरं वाटलं होतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल की माणूस दगड होता. तसं म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. फळ्यावर सर्वांत वर त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि त्यापुढे बासष्ट होते. दोन चुकांचे आकडे त्यांनी स्वतःच कापले होते, आमच्यादेखत, चूक काय ते नीट सांगून. मी लागले तेव्हा शेठ म्हणाला होता, "अरे साहेब, छोकरी आहे, तिला फोनवर बसवा ने." त्यावर सरांनी त्याला ऐकवलं, "तिला फोनवर बसवायचं असेल तर मला घरी बसवा." मी मुरूडला खोली घेऊन एकटी राहत होते, तर काकू, म्हणजे सरांच्या बायको, रोज त्यांच्या डब्यासोबत एक जास्तीचा डबा देत. तांदळाची भाकरी, कधी सुका जवळा, कधी वालाचं बिरडं. सर तो माझ्या टेबलावर आदळत आणि म्हणत, "जेव. उपाशी माणसाच्या तारा मागेपुढे होतात." मी नेटवर्कची मोठी परीक्षा द्यावी हा हट्टही त्यांचाच. आठ महिने रोज सकाळी ऑफिस उघडण्याआधी दोन तास त्यांनी मला बसवलं. मी पास झाले तेव्हा पेढ्याचा बॉक्स न उघडता म्हणाले, "आता तरी कनेक्टर नीट बसव."

मग शेठने कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला विकून टाकली. नव्या लोकांना प्रमाणपत्र हवं होतं. ते आमच्यात एकट्या माझ्याकडे होतं, म्हणून त्यांनी मलाच इथली प्रमुख केलं. काल गळ्यात कनेक्टर घालून फिरणारी मी आज सरांची साहेब झाले. सरांनी त्याच दिवसापासून मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली, तेही इतक्या सरळ चेहऱ्याने की टोमणा आहे का ते कळू नये.

नव्या कंपनीने पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म पाठवला. बाहेर काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रमुखासमोर पट्टा बांधून टॉवरवर चढायचं, वरचा कनेक्टर तपासायचा, उतरायचं. प्रमुखाने तसं लिहून सही करायची. ज्याला चढता येणार नाही त्याच्यासाठी खाली एक ओळ होती, 'सुचवलेले दुसरे काम'. ही ओळ रिकामी राहिली तर त्या माणसाची नोकरी संपली, हे मला माहीत होतं. बाकीच्या पाच जणांचं दोन दिवसांत उरकलं. सरांचं काही ना काही निघत राहिलं. गुडघा, वाडीतली सुपारीची काढणी, काकूंचं दुखणं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पाच वर्षांत मी या माणसाला एकदाही टॉवरवर चढलेलं पाहिलं नव्हतं. ते नेहमी पायथ्याशी उभे असत आणि आम्हाला वर पाठवत. आम्हाला ते मोठेपण वाटायचं.

फॉर्म पाठवायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "सुजाता," ते म्हणाले. त्यांना माझं नाव माहीत होतं तर.

"सुजाता, चढलो म्हणून लिही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. ते उभ्यानेच म्हणाले, "सात वर्षं झाली. शिडीच्या वर गेलो की गरगरतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. जमिनीवरचं सगळं काम मी करतो, तुला ठाऊक आहे. वर तसाही मी कधी जाणार न्हाय, दुसऱ्याला पाठवीन. कागदापुरतं लिही. दोन मुलींची लग्नं झाली, पण वाडीवर भागत न्हाय. आणि घरी बसून मी करू काय? मला दुसरं काही येत न्हाय."

या माणसाला एवढं सलग बोलताना, आणि तेही स्वतःबद्दल, मी कधी ऐकलं नव्हतं. त्या क्षणी मी म्हणू शकत होते की सर, खोटं कशाला, खाली ती ओळ आहे ना, तुम्हाला ऑफिसात बसून बिघाड शोधायचं काम लिहिते. फॉर्म माझ्याकडेच होता, त्यांनी ती ओळ वाचली नव्हती. असं काही लिहिता येतं हे त्यांना सुचलंच नव्हतं. मला सुचलं होतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही रोह्याच्या आईला काय सांगितलं होतंत?"

ते दारापाशी गेले. मग म्हणाले, "उद्या दहा वाजता, आगरदांडा." आणि दार उघडून गेले. मी तत्त्वाने वागले, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. आज सांगते, तो प्रश्न विचारताना मला गोड वाटलं होतं.

आगरदांड्याचा टॉवर जेटीच्या मागेच आहे. दहाची वेळ म्हणजे फेरीसाठी गाड्यांची रांग लागलेली, माणसं उतरून पाय मोकळे करताहेत. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी पट्टा बांधला, आम्हाला शिकवल्याप्रमाणे दोनदा ओढून बघितला आणि चढायला लागले. मी पायऱ्या मोजत होते. नवव्या पायरीवर ते थांबले. मला वाटलं दम घेताहेत. मग त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि त्यांनी गाल लोखंडाला टेकवून डोळे घट्ट मिटून घेतले. "सर, खाली या," मी ओरडले. ते हलले नाहीत. रांगेतल्या कुणीतरी हाक दिली, "ओ काका, वरती रेंज भेटत न्हाय का?" आणि हसू फुटलं. दोघातिघांनी मोबाइल वर धरले.

मी चढले. त्यांची बोटं पायरीभोवती अशी आवळलेली होती की मला एकेक करून सोडवावी लागली. एक सोडवली की ते कण्हत. मग त्यांचा एकेक पाय हाताने धरून मी खालच्या पायरीवर ठेवत गेले. नऊ पायऱ्या उतरायला बराच वेळ लागला. खाली आल्यावर ते सिमेंटच्या कट्ट्यावर बसले, पट्टा सोडून त्याची नीट घडी घातली आणि आमच्याबरोबर आलेल्या माणगावकडे पाणी मागितलं. फेरी लागली, लोक गाड्यांत बसले, आणि ज्याने चेष्टा केली होती तोही जाताना म्हणाला, "काकांना घरी न्या हो."

ऑफिसात येऊन मी फॉर्म भरला. 'टॉवरवर चढू शकत नाहीत' असं लिहिलं. ते खरंच होतं. मग मी खालच्या ओळीवर आले आणि तिथे पेन धरून पुरती पाच मिनिटं बसले. जमिनीवर बसून बिघाड शोधणारा त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. एक वाक्य लिहायचं होतं. मला बोर्लीची आजी आठवली, काशीदचा रिसॉर्टवाला आठवला, अकरा दिवस आठवले, रोह्याच्या आईचा चहा आठवला. डबे आठवले नाहीत. मी ओळ रिकामी सोडून सही केली.

नियमाप्रमाणे फॉर्मची एक प्रत त्यांना द्यायची होती. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली, खालच्या ओळीपर्यंत, आणि चार घड्या करून खिशात ठेवली. बाहेर जाऊन त्यांनी फळ्यावरचे आपले बासष्ट पुसले, तिथे शून्य काढलं, पक्कड आणि टेस्टर टेबलावर ठेवले आणि चपला घालून निघून गेले. त्यानंतर मी दोन दिवाळ्या नांदगावला फराळ घेऊन गेले. दोन्ही वेळा ते मागच्या दाराने वाडीत गेले आणि मी असेपर्यंत परतले नाहीत. फराळ काकूंनी ठेवून घेतला.

आता मी अलिबागच्या ऑफिसला असते. माझ्याकडे फळा नाही आणि कुणाच्या गळ्यात मी काही बांधत नाही. पण बिघाड आला की मी आजही वायरीपासून सुरुवात करते आणि पत्ता देणारा कोण ते विचारते. माझ्या हाताखालची मुलं मला चांगलं काम येतं असं म्हणतात, त्यातलं माझं स्वतःचं फार थोडं आहे.

मागच्या महिन्यात अलिबागच्या एसटी स्टँडवर काकू भेटल्या. धाकट्या लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांनीच मला हाक मारली, हात धरून बाकावर बसवलं, आईची चौकशी केली. मी सरांबद्दल विचारलं. "बरे हायेत," त्या म्हणाल्या. "वाडीत असतात. टीव्ही पण लावत न्हाईत." मग माझा हात न सोडता म्हणाल्या, "बाय, एक विचारू? रागावू नको. तू चढता येत न्हाय म्हणून लिहिलंस, ते बरोबरच केलंस म्हणतात ते. त्याबद्दल तुला कधी वाकडं बोलले न्हाईत. पण तो कागद काढून बघतात मधनंमधनं. खालची ओळ तिने रिकामी का ठेवली असेल, एवढंच विचारतात. मला काय कळतंय त्यातलं?"

त्यांची गाडी लागली होती. कंडक्टर हाका मारत होता.

"घाईत राहून गेली, काकू," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "बघ, मी हेच म्हणत होते त्यांना. घाईत राहिलं असेल, पोर मनाने वाईट न्हाय. गेल्या गेल्या फोन करते. बरं वाटेल त्यांना." माझ्या गालावरून हात फिरवून त्या पिशवी सावरत गाडीकडे गेल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही.